साहेबाच्या खुर्चीवर आपला माणूस: ब्रिटिशकालीन मुलकी सेवेच्या भारतीयीकरणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलेक्टरच्या खुर्चीवर गोऱ्या साहेबाऐवजी इथला माणूस बसायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. त्या प्रवासाबद्दल स्पर्धा परीक्षा देणारी मुलं, शिक्षक आणि इतिहासाची आवड असलेले वाचक पुन्हा पुन्हा काही प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काहींना थोडी बैठक मारावी लागते.

'भारतीयीकरण' म्हणजे नेमकं काय? जुन्या मराठी लिखाणात 'हिंदीकरण' असं का दिसतं?

वरच्या सरकारी जागांवर विलायतेहून माणसं आणण्याचं प्रमाण कमी करत नेऊन तिथे इथल्या माणसांची नेमणूक करणं, एवढाच त्याचा अर्थ. स्वातंत्र्यापूर्वीच्या मराठीत 'हिंदी' हा शब्द 'हिंदुस्थानातला' या अर्थाने सर्रास वापरला जाई. म्हणून 'नोकऱ्यांचे हिंदीकरण', 'सैन्याचे हिंदीकरण' असे शब्दप्रयोग भेटतात. हिंदी भाषेशी त्यांचा काही संबंध नाही. या लेखात 'हिंदी माणूस' असं आलं, तर तेही त्याच जुन्या अर्थाने वाचावं.

त्याआधी आपली माणसं सरकारी नोकरीत नव्हतीच का?

होती, आणि हजारोंनी होती. या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

मुंबई इलाख्यातल्या एखाद्या जिल्ह्याची कचेरी डोळ्यांसमोर आणा. गावात पाटील आणि कुलकर्णी. तालुक्याला मामलेदार. जिल्ह्याच्या कचेरीत कारकून, त्यांच्यावर अव्वल कारकून, चिटणीस. शेतसाऱ्याच्या माफीचा अर्ज आला की कारकून तो नोंदवून घेई, जुने कागद काढून जोडी, मामलेदार जागेवर जाऊन चौकशी करी, चिटणीस सारांश काढून साहेबासमोर ठेवी. साहेब तो वाचे, दोन प्रश्न विचारी आणि सही करी. जमीन कुठली, पीक किती बुडालं, अर्जदार खरं बोलतोय की नाही, हे सगळं हिंदी माणसाने शोधलेलं असे. निर्णय मात्र ज्याची सही, त्याचा.

तेव्हा 'हिंदी माणसाला काम जमेल का' हा प्रश्न मुळातच चुकीचा होता. काम तोच करत होता. अडवून धरली होती ती सही. भारतीयीकरणाचा इतिहास वाचताना 'किती जण नोकरीत होते' यापेक्षा 'निर्णय कोण घेत होतं' हे विचारावं, असं मला वाटतं. तसं विचारलं की बऱ्याच आकडेवारीचा अर्थ बदलतो.

मग ही सही अडवली कोणी आणि कधी?

लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या काळात. कंपनीच्या कारभारात भ्रष्टाचार माजला होता आणि त्यात गोरे अधिकारी आघाडीवर होते. कॉर्नवॉलिसने त्यांचे पगार भरपूर वाढवले, त्याच वेळी हिंदी माणसांना मात्र मोठ्या जागांवरून दूर ठेवलं. वर्षाला ५०० पौंडांपेक्षा जास्त पगाराच्या जागा कंपनीशी करार केलेल्या, म्हणजे 'सनदी' नोकरांसाठी राखल्या गेल्या. १७९३ च्या सनदी कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झालं. हे सनदी नोकर तयार करण्यासाठी पुढे १८०६ मध्ये इंग्लंडात कंपनीचं स्वतंत्र कॉलेज निघालं. ते हेलिबरीचं कॉलेज म्हणून ओळखलं जातं.

आज आपण आयएएस माणसाला 'सनदी अधिकारी' म्हणतो, तो शब्द या सनदेतून आला आहे.

१८३३ च्या कायद्यात आणि १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात समान संधीचं वचन होतं ना?

होतं. धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांपैकी केवळ एखाद्या कारणावरून कुणालाही कंपनीच्या नोकरीला अपात्र ठरवू नये, असं १८३३ च्या कायद्याच्या ८७ व्या कलमात स्वच्छ म्हटलं आहे. राणीच्या जाहीरनाम्याने तेच पुन्हा सांगितलं. आपल्या पुढाऱ्यांनी पुढची साठ-सत्तर वर्षं हे दोन कागद हातात धरून भांडण मांडलं.

वचन मोडलं असं कुणी उघड म्हणत नव्हतं. ते पाळायची वाटच अवघड करून ठेवली होती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यानेच १८७८ च्या एका गोपनीय टिपणात याची कबुली दिली आहे: ही वचनं पूर्ण करायची नव्हतीच, त्यामुळे हिंदी लोकांना सरळ मनाई करणं किंवा त्यांना फसवणं एवढे दोनच मार्ग होते, आणि आपण त्यांतला कमी सरळ मार्ग निवडला.

परीक्षा तर सर्वांना खुली होती. मग अडचण कसली?

१८५३ च्या कायद्याने वशिल्याच्या नेमणुका बंद झाल्या आणि १८५५ पासून या सनदी सेवेसाठी, म्हणजे पुढे इंडियन सिव्हिल सर्व्हिस (आयसीएस) म्हणून ओळखल्या गेलेल्या सेवेसाठी, खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. कागदावर ती कुणालाही देता येत होती. ती देण्यासाठी काय काय करावं लागे ते बघा.

पहिली गोष्ट, परीक्षा फक्त लंडनला. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला, त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून किंवा इजिप्तमध्ये जमिनीवरचा टप्पा पार करून जावं लागे. खर्च घरच्यांचा, आणि नापास झाला तर गेलेला पैसा गेलाच. त्यात समुद्र ओलांडला म्हणून परत आल्यावर जातीत प्रायश्चित्ताचा वाद.

दुसरी गोष्ट, विषयांचे गुण. सुरुवातीच्या योजनेत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५०, तर संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. आपल्याकडचा विद्वान पोरगा ज्या विषयात चमकेल, त्याचं मोल आधीच निम्मं करून ठेवलेलं.

तिसरी गोष्ट वयाची, आणि माझ्या मते सगळ्यात घातक. कमाल वय आधी २३ होतं. ते २२ झालं, मग १८६६ पासून २१, आणि १८७८ पासून थेट १९. एकोणीस वर्षांच्या आत परक्या भाषेत शिकून, समुद्रापार जाऊन, विलायतेतल्या शाळांत लहानपणापासून तयार झालेल्या मुलांशी टक्कर द्यायची. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी या प्रश्नावर देशभर दौरा काढला. १८९२ मध्ये मर्यादा पुन्हा २३ वर गेली, तोवर एका पिढीची संधी हुकली होती.

वयावरून कोर्टकचेरी झाली होती, ती काय भानगड होती?

१८६९ मध्ये एकदम चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले: रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर. शेवटच्या दोघांची नावं यादीतून काढली गेली. कारण, वय जास्त.

घोळ समजून घ्यायला आपल्या आजीला वय विचारून बघा. ती 'मला ऐंशीवं चालू आहे' म्हणते, 'एकोणऐंशी पूर्ण' असं म्हणत नाही. सुरेंद्रनाथांचा जन्म नोव्हेंबर १८४८ चा. १८६३ च्या अखेरीस प्रवेश परीक्षेच्या कागदावर वय लिहिलं गेलं १६, म्हणजे सोळावं चालू. लंडनच्या अधिकाऱ्यांनी ते 'सोळा पूर्ण' असं धरलं. त्या हिशेबाने मार्च १८६९ मध्ये तो एकवीस ओलांडून गेला होता. प्रत्यक्षात त्याला विसावं पूर्ण होऊन जेमतेम चार महिने झाले होते.

प्रकरण इंग्लंडच्या कोर्टात गेलं. आपल्याकडे वय असंच मोजतात, अशी प्रतिज्ञापत्रं इथून गोळा करून पाठवावी लागली. कोर्टाने जाब विचारल्यावर दोघांचीही नावं यादीत परत आली. ठाकुरांचं नाव आज महाराष्ट्रात फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सुरेंद्रनाथांची नोकरी पुढे टिकली नाही. सिल्हेटला असताना एका खटल्यातला आरोपी फरारी म्हणून चुकीचा नोंदला गेला, आणि त्यावरून १८७४ मध्ये त्यांना बडतर्फ केलं गेलं. महिना ५० रुपये निर्वाहभत्ता देऊन. गोऱ्या अधिकाऱ्याला अशा चुकीसाठी एवढी सजा झाली नसती, हे त्या काळी सगळेच बोलत होते.

पहिले हिंदी आयसीएस कोण?

सत्येंद्रनाथ टागोर, १८६३. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ. त्यांची सगळी नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि १८९७ मध्ये साताऱ्याहून जिल्हा न्यायाधीश म्हणून ते निवृत्त झाले. तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. सातारकरांनी हे नातं अभिमानाने सांगायला हवं.

अरविंद घोष घोडेस्वारीत नापास झाले होते, हे खरं आहे का?

लेखी परीक्षा ते १८९० मध्ये उत्तीर्ण झाले होते. घोडेस्वारीची चाचणी दिली नाही म्हणून नेमणूक झाली नाही. त्यानंतर ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले.

'स्टॅट्युटरी सिव्हिल सर्व्हिस' काय होती?

परीक्षेशिवाय, घराणं पाहून हिंदी तरुणांना काही जागा द्यायच्या, अशी १८७९ ची योजना. सुशिक्षितांना त्यात मान वाटेना आणि सरकारला त्यातून हवी तशी माणसं मिळेनात. १८८६-८७ च्या एचिसन आयोगाने ती गुंडाळायला सांगितली आणि त्याऐवजी प्रांतिक सेवा आली. म्हणजे आपल्यासाठी एक वेगळा, खालचा मजला बांधला गेला.

गोखले आणि दादाभाईंनी नेमकं काय मागितलं?

मुख्य मागणी एकच: परीक्षा लंडनला आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्या. १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्याच अधिवेशनात तसा ठराव झाला. दादाभाई ब्रिटिश पार्लमेंटात असताना, १८९३ मध्ये, हाउस ऑफ कॉमन्सने हाच ठराव मंजूरसुद्धा केला. सरकारने तो अमलात आणला नाही.

दादाभाईंचा भर पैशावर होता. विलायती अधिकाऱ्याचा पगार, बचत आणि निवृत्तिवेतन या देशाच्या तिजोरीतून निघून परदेशी जातं, हा त्यांच्या संपत्तीच्या अपहाराच्या मांडणीचा एक खांब. गोखल्यांनी १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यापुढचं सांगितलं. पैशाचं नुकसान मोठं आहेच, पण त्याहून मोठं नुकसान माणसाचं होतंय. जन्मभर हीनतेच्या वातावरणात राहावं लागतं, आमच्यातल्या उंचातल्या उंच माणसालाही वाकावं लागतं, आणि सगळ्या समाजाची वाढ खुंटते. त्या वेळी गोखले अवघे तीस वर्षांचे होते. इतकं स्वच्छ, इतकं न चिडता केलेलं निदान मी दुसरं वाचलेलं नाही.

सरकारी नोकऱ्यांच्या चौकशीसाठी १९१२ मध्ये नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगाचे ते सदस्य होते. अहवाल पूर्ण होण्याआधीच, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ते गेले. त्या अहवालाने हिंदी लोकांना वरच्या जागांपैकी २५ टक्के देऊ केल्या. आयोगातल्या अब्दुर रहीम यांनी वेगळं मतपत्र जोडलं.

टक्केवारी कशी वाढत गेली?

१९१५ मध्ये आयसीएसमध्ये हिंदी अधिकारी ६३, म्हणजे साधारण ५ टक्के. पहिला हिंदी माणूस उत्तीर्ण होऊन तोवर बावन्न वर्षं झाली होती.

मग महायुद्धाने परिस्थिती पालटली. २० ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री माँटेग्यूने जाहीर केलं की कारभाराच्या प्रत्येक शाखेत हिंदी लोकांचा सहभाग वाढवत नेणं हे सरकारचं धोरण आहे. १९१८ च्या माँटफर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) अहवालात ३३ टक्के भरती हिंदुस्थानात करावी आणि दरवर्षी दीड टक्का वाढवावी असं आलं. १९२२ मध्ये अलाहाबादला पहिली परीक्षा झाली. काँग्रेसच्या पहिल्या ठरावानंतर सदतीस वर्षांनी.

१९२४ च्या ली आयोगाने हिशेब पक्का केला. शंभर जागांपैकी ४० गोऱ्यांना, ४० थेट भरतीने हिंदी लोकांना आणि २० प्रांतिक सेवेतून बढतीने. असं केलं की पंधरा वर्षांत आयसीएस निम्मी-निम्मी होईल. पोलिसांसाठी मुदत जास्त, पंचवीस वर्षांची. याच शिफारशींनंतर १९२६ मध्ये लोकसेवा आयोग स्थापन झाला, आजच्या यूपीएससीचा पूर्वज.

एक गोष्ट पुस्तकांत कोपऱ्यात असते, ती इथे ठळक सांगतो. लंडनच्या परीक्षेत हिंदी मुलं वरचढ ठरू लागली आणि गोरे उमेदवार मिळेनासे झाले, तेव्हा १९३६ पासून ब्रिटिश पदवीधरांना स्पर्धा परीक्षेशिवाय निवडीने घेण्याची सोय केली गेली. 'गुणवत्ता म्हणजे परीक्षा' असं ऐंशी वर्षं आपल्याला सांगितलं गेलं होतं.

हिंदी आणि गोऱ्या अधिकाऱ्यांचा पगार सारखा होता का?

पहिल्या महायुद्धानंतर मूळ पगार सारखा झाला, पण गोऱ्यांना त्यावर वेगळा परदेशभत्ता मिळे. घर सोडून दूर नोकरी करणाऱ्याला भत्ता मिळावा, यात गैर काही नाही. मात्र ली आयोगाने त्यात विलायतेच्या बोटभाड्याच्या सवलती वाढवल्या आणि हा बोजा हिंदी करदात्यावर पडला. भारतीयीकरण होतंय म्हणून खर्च कमी होईल ही अपेक्षा त्यामुळे बराच काळ फोल ठरली.

'गोरे गेले तर कारभार कोसळेल' या म्हणण्यात तथ्य होतं का?

२ ऑगस्ट १९२२ ला ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जने आयसीएसला साऱ्या डोलाऱ्याची 'पोलादी चौकट' म्हटलं, ते याच भीतीतून. त्याला उत्तर संस्थानांत आधीच तयार होतं. बडोदा, म्हैसूर, त्रावणकोर इथे हिंदी दिवाण पूर्ण राज्यं चालवत होते. महसूल, न्याय, शाळा, रस्ते, सगळं. ज्या रमेशचंद्र दत्तांना ब्रिटिश नोकरीत विभागाच्या आयुक्तपदापर्यंत पोचायला वीसहून जास्त वर्षं लागली, ते नंतर बडोद्याचे दिवाण झाले. न्यायखात्यातही हायकोर्टाच्या खुर्चीवर आपली माणसं केव्हाच बसली होती. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या निधनानंतर १८९३ मध्ये न्यायमूर्ती झालेले रानडे त्यांतलेच. अडलं होतं ते महसूल आणि पोलिसांपाशी, म्हणजे जिथे हुकूम सोडायचा तिथे.

या बदलाचा लाभ सगळ्या समाजाला झाला का?

नाही. आणि महाराष्ट्रात बसून हा प्रश्न टाळता येत नाही.

सरकारी कचेऱ्या एकाच जातीच्या शिक्षितांनी भरल्या तर रयतेला न्याय मिळत नाही, हे जोतीराव फुले गोखल्यांच्या साक्षीच्या कितीतरी आधीपासून सांगत होते. साहेबाच्या जागी हिंदी माणूस आला, तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने टेबलामागचा माणूस तोच राहणार होता. शाहू महाराज १८९४ मध्ये कोल्हापूरच्या गादीचा कारभार बघू लागले, तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. २६ जुलै १९०२ ला त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखण्याचा हुकूम काढला. तेव्हा ते इंग्लंडात होते.

दोन्ही मागण्या एकाच न्यायाच्या होत्या असं मी मानतो. परकं कोण आणि आपलं कोण, हे ठरवण्याचा हक्क खालच्या माणसालाही हवा. ब्रिटिशांनी फुले-शाहूंच्या म्हणण्याचा उपयोग भारतीयीकरण लांबवण्यासाठी केला हे खरं. त्यामुळे म्हणणं खोटं ठरत नाही. १९४७ ची यादी पाहा: आयसीएसचे एकूण ९८० अधिकारी, त्यांत दलित वर्गातले फक्त २.

आणि स्त्रिया?

आयसीएस स्त्रियांना बंदच होती. आयएएसमध्ये पहिली स्त्री आली ती १९५१ च्या तुकडीत, ॲना राजम जॉर्ज.

इंग्रजांची नोकरी पत्करणारे देशाशी बेइमान होते का?

मी तसं मानत नाही. सुभाषचंद्र बोस १९२० मध्ये चौथे आले आणि एप्रिल १९२१ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. तो त्याग मोठाच. चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये पहिले आले आणि नोकरीत राहिले. महाडजवळच्या नाते गावचा हा मुलगा, मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला. मध्य प्रांत-वऱ्हाडात जिल्ह्याची कामं करत करत ११ ऑगस्ट १९४३ ला रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर झाला. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हिंदुस्थानच्या बाजूने बसला. पुढे अर्थमंत्री झाला आणि मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. स्वातंत्र्य आलं त्या दिवशी चलन, कर्ज, परकी हिशेब समजणारा माणूस घरात होता, तो अशा लोकांमुळे.

इतर वसाहतींत हे कसं झालं?

बहुतेक ठिकाणी घाईने. नायजेरियात १९४८ मध्ये ह्यू फूट यांच्या आयोगाने योग्य नायजेरियन मिळत असेल तर बाहेरचा माणूस घेऊ नये असं सांगितलं, आणि १९६० मध्ये देश स्वतंत्रही झाला. सुदानात १९५४ मध्ये यासाठी खास समिती बसली. हाँगकाँगला सगळ्यात उशीर झाला. तिथे मुख्य सचिवाच्या जागी पहिली चिनी व्यक्ती, ॲन्सन चॅन, १९९३ मध्ये आली, सत्तांतराच्या अवघी चार वर्षं आधी.

१९४७ मध्ये नेमकं काय घडलं? जुन्या आयसीएसवाल्यांचं पुढे काय झालं?

त्या ९८० जणांत ४६८ युरोपीय होते. त्यांतले बहुतेक भरपाई आणि निवृत्तिवेतन घेऊन गेले. हिंदी अधिकाऱ्यांनाही भरपाई द्यावी का, यावर वल्लभभाई पटेल ठाम होते: जे आपल्याच देशाच्या सरकारात काम करत राहणार, त्यांना कसली भरपाई? त्याआधीच ऑक्टोबर १९४६ मध्ये प्रांतांच्या पंतप्रधानांना (आजच्या भाषेत मुख्यमंत्र्यांना) बोलावून त्यांनी आयएएस आणि आयपीएस या नव्या सेवांना संमती मिळवली होती. २१ एप्रिल १९४७ ला दिल्लीच्या मेटकाफ हाउसमध्ये नव्या अधिकाऱ्यांसमोर ते बोलले. तो दिवस आता नागरी सेवा दिन म्हणून पाळला जातो.

राहिलेल्या आयसीएस अधिकाऱ्यांच्या सेवाशर्तींना घटनेच्या ३१४ व्या कलमाने संरक्षण दिलं. घटना समितीत अनेकांचा त्याला विरोध होता, आणि तो समजण्यासारखा होता. याच अधिकाऱ्यांनी त्यांच्यातल्या कित्येकांना तुरुंगात धाडलं होतं. पटेलांनी १० ऑक्टोबर १९४९ ला उठून सांगितलं की मन मोकळं करून बोलू शकणारी अखिल भारतीय सेवा नसेल, तर देश एक राहणार नाही. कलम राहिलं. १९७२ मध्ये २८ व्या घटनादुरुस्तीने ते काढलं गेलं. आयसीएसची भरती १९४३ मध्येच थांबली होती. शेवटच्या तुकड्यांपैकी निर्मलकुमार मुखर्जी १९८० मध्ये मंत्रिमंडळ सचिव पदावरून निवृत्त झाले, तेव्हा सेवेत एकही आयसीएस उरला नाही.